दूध आटवणाऱ्या गोळ्या

आंधळगाव हे मोहाडी तालुक्यातले कोशाच्या कापडाचे गाव; परंतु ज्या घरात बाळंतीण आहे आणि पाळणा मात्र बांधलेला नाही, त्या घरात मागाचा आवाजदेखील ऐकवत नाही, हे माझ्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणात मी अनुभवले. मूल जन्मतःच गेले. दूध मात्र आपल्या वेळेवर दाटून आले, आणि ते आटावे म्हणून दवाखान्यातून ब्रोमोक्रिप्टिनच्या गोळ्या मिळाल्या. गरोदरपणी तिचा रक्तदाब वाढल्याची नोंद कार्डावर होती; गोळ्या देतेवेळी ती कोणी पाहिली नाही.

त्या आठवड्याच्या अखेरीस, मी वेणी घालून देत असता, ‘आई, डोकं फुटतं गं’ असे म्हणत ती दोन्ही हातांनी मस्तक आवळून बाजेवर कोसळली. शेजारच्या वडीलधाऱ्या बायांनी ‘हवा लागली’ असे ठरवून कानांना फडके बांधले, आणि त्यांच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण दुपारी पाण्याचा पेला तिच्या उजव्या हातातून गळून पडला व तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा १०८ ची गाडी बोलावून आम्ही भंडारा आणि तेथून नागपूर गाठले.

तेथील डॉक्टरांनी आधी औषधांचा तपशील विचारला. मी पदराच्या गाठीतून गोळ्यांचे अर्धे रिकामे पाकीट काढून दिले. मेंदूच्या चित्रात रक्तवाहिन्या, हाताने काढलेला कोशाचा धागा उतरतो तशा, कुठे जाड, कुठे बारीक दिसत होत्या. ब्रोमोक्रिप्टिन हे अर्गट नामक बुरशीच्या कुळातले औषध. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे मेथर्जिनही त्याच कुळातले, आणि त्याने मातांचे प्राण वाचतात, म्हणून औषधाला सरसकट दोष देणे मला अन्यायाचे वाटते. परंतु या कुळातील औषधांनी क्वचित् मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात व पक्षाघात होतो, आणि रक्तदाब चढलेल्या बाळंतिणीला ती देऊ नयेत. अमेरिकेत दूध आटवण्यासाठी ब्रोमोक्रिप्टिन देणे १९९४ सालीच थांबले, हे कळले तेव्हा मला संताप आवरेना. कारण बाळ अंगावर पीत नसेल तर दूध काही दिवसांत आपोआपही आटते.

गोळ्या बंद झाल्या, रक्तदाब आटोक्यात आला, आणि आकसलेल्या वाहिन्या तीन महिन्यांच्या आत बहुधा पूर्ववत् होतात, तशा तिच्याही झाल्या. हाताची पकड मात्र अद्याप पुरती आलेली नाही. बाळंतिणीचे डोके एकाएकी असह्य दुखू लागले, तर शेक देत बसू नका. तत्काळ दवाखाना गाठा, रक्तदाब मोजून घ्या, आणि तिला दिलेले प्रत्येक औषध पाकिटासह डॉक्टरांपुढे ठेवा.