गाडीनं मेलो, मामा

बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळात कोणी मेला की पडद्याच्या कोपऱ्यात दोन नावं उमटतात आणि त्यांच्या मधे एक छोटं चित्र. चित्र बंदुकीचं असलं तर मेलेला गुमान लॉबीत परततो. गाडीचं असलं तर वाद पेटतो. अमरावतीच्या पोरांच्या खोल्यांवर आणि अकोल्यात बहिणीच्या गच्चीवर हा वाद मी अगदी सारख्या शब्दांत ऐकला आहे. "तो काही खेयला नाही, मामा. गाडीनं मेलो मी." मारणाऱ्याच्या खात्यात काहीच जमा करायचं नाही, सगळं श्रेय त्या यूएझेड जीपचं.

मी सायबर कॅफेच्या पिढीतला. काउंटर-स्ट्राइक 1.6, पाच विरुद्ध पाच, सगळे पायी. आमचा खेळ निव्वळ हाताचा होता असं भाच्याला ऐकवायला मला आवडतं. पण खरं सांगायचं तर एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक आमच्याकडेही होती. छातीत एक गोळी आणि विषय संपला. तिच्यावर कुरकुर व्हायची, अन्याय मात्र कोणी म्हणत नसे. ती खेळातल्या 4750 डॉलरांना पडायची, घेऊन पळताना पाय जड व्हायचे, आणि नेम चुकला तर पुढची गोळी भरेपर्यंत समोरचा अंगावर यायचा.

खरी अडचण बॅटलफील्ड 1942ने आणली. स्वीडनच्या डाइस कंपनीचा हा खेळ 2002 साली आला. एका मैदानात चौसष्टपर्यंत खेळाडू, आणि रणगाडे, जहाजं, विमानं सगळं खुलं. अर्धा संघ लढाई सोडून धावपट्टीवर विमानाची वाट बघत उभा राहायचा, आणि विमान हाती आलं की उडवणारा ते जवळच्या टेकडीवर नेऊन आपटायचा. पण एखादा ते खरंच शिकलेला निघाला की खालच्यांचे हाल. रणगाड्यासमोर निदान खांद्यावर बाझुका घेतलेला सैनिक होता. विमानावर हातातली बंदूक रोखून फारसं काही होत नसे, आणि विमानविरोधी तोफ जिथे रोवलेली तिथेच.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. वाहन किती ताकदीचं, हा प्रश्न दुय्यम; पायी चालणाऱ्याकडे त्याला उत्तर आहे का, ते आधी बघावं. या कसोटीवर भाच्याची तक्रार बहुतेक वेळा टिकत नाही. बीजीएमआयच्या एरँगेल या नकाशातल्या रस्त्यांवर गाड्या बेवारस उभ्या असतात, जो आधी पोहोचेल त्याची गाडी. ती दुरून ऐकू येते. तिचे टायर फुटतात. चालवणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही, आणि बग्गीत तर तो जवळजवळ उघडाच बसलेला असतो. मार बसत गेला की गाडी धुरते, पेटते, उडते. एवढं सगळं असून भरमैदानात गाडीखाली आलास, तर बाबा, आवाज ऐकून झाडाआड का नाही गेलास?

बीआरडीएमचं मात्र मी मान्य करतो. नशिबाने फ्लेअर गन सापडावी, आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळाबाहेर जाऊन ती आकाशात झाडावी आणि पाण्यातही चालणारी, टायर न फुटणारी चिलखती गाडी पॅराशूटने खाली यावी, यात हाताचं काम थोडं आहे.

हा वाद वऱ्हाडाला नवा नाही. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटली, घड्याळ थांबलं, की बांधावर हेच सुरू होतं: जोडी पळाली की हाकणाऱ्या धुरकऱ्याने पळवली? फरक असा की पटात नाव जोडीचं आणि मालकाचं गाजतं, धुरकरी बिचारा मागे राहतो. बैल लाखांचे आहेत म्हणून हरलेला रडत बसत नाही. बैल तयार करणं हाही खेळच धरलेला आहे. (2 सप्टेंबर 2020ला बीजीएमआयच्या आधीच्या अवतारावर, म्हणजे पबजीवर, बंदी आली तेव्हा पटावरची 2014ची बंदी अजून उठायची होती. पुढचे काही महिने इकडे दोन्ही प्रकारचे शौकीन सारखेच मोकळे बसलेले. बीजीएमआय जुलै 2021मध्ये आलं, पटाला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी त्याच वर्षी डिसेंबरात.)

गाड्यांचा इतका राग, तर काढूनच टाका, असं मी भाच्याच्या टोळीला सुचवलं. स्वतःची रूम लावली की गाड्या बंद करता येतात. पोरांनी केल्या. मग सुरुवातीला खेळाडूंना खाली सोडणाऱ्या विमानाचा मार्ग आणि वर्तुळ हेच दैव झालं. वर्तुळ जवळ पडलं तो एखाद्या घरात शिरून जिना धरून बसायचा. लांब पडलं तो धावत धावत वर्तुळाबाहेरच्या जीवघेण्या निळ्यातच मरायचा, नेम कितीही चांगला असो. जो पोरगा रोज गाडीला शिव्या द्यायचा, तो आता नकाशाला देऊ लागला. अंतर कापायचं साधन काढून घेतलं की कौशल्य वर येईल हा माझा अंदाज होता. वर आलं ते नशीब. शिवाय गाडी कुठे सोडायची, उतारावर कशी आडवी लावून तिच्यामागे लपायचं, ही अक्कल वापरायची जागाच उरली नाही.

आता त्यांनी गाड्या परत आणल्या आहेत, फ्लेअर गन तेवढी बंद. भांडण दुसरीकडे सरकलं आहे. एकाकडे टॅब आहे. त्याच्या मोठ्या पडद्यावर आजूबाजूचं जास्त दिसतं आणि बोटं एकमेकांवर चढत नाहीत. दुसऱ्याकडे सेकंदाला नव्वद चित्रं दाखवणारा फोन आहे. तिसरा मूर्तिजापूरकडच्या गावातून बापाच्या जुन्या फोनवर खेळतो. त्याचा पिंग, म्हणजे नेटचा विलंब, वर चढला की शत्रू दिसतो तेव्हा शत्रूने गोळी आधीच मारलेली असते. मेल्यावर किल फीडमध्ये नावांच्या मधे साधी बंदूकच उमटते, त्या फोनचं चित्र तिथे येत नाही. टॅबवाल्याला रूममध्ये घ्यायचं की नाही, यावर टोळीत दोन तट आहेत. टॅबवाला म्हणतो, "तुमीबी घ्या ना मंग." गावाकडचा त्यावर काही बोलत नाही, पुढच्या डावाला तयार म्हणून बटन दाबतो.