कितले दीस?

जिथे अग्रशाळा होती तिथे आता गाड्या लावतात. पांढऱ्या रंगाने आखलेले पट्टे, प्रत्येक पट्ट्यात एक गाडी. रिक्षातून उतरून, हातातली बॅग तशीच धरून, मी त्या पट्ट्यांमध्ये आमची खोली शोधत राहिले. विहिरीपासून तिसरी. विहीर होती, तिच्यावर लोखंडी जाळी बसवली होती. तिच्यापासून पावलं मोजत गेले तर खोलीच्या जागी एक इनोव्हा उभी होती आणि तिचा ड्रायव्हर सीट मागे टाकून गाढ झोपला होता. चला, ह्या जागेवर अजून कुणीतरी झोपतंय, असं मनात आलं. असं का आलं ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

देवळाचं नाव लिहीत नाही. घरातल्या गोष्टीत देवाला कशाला ओढायचं? फोंडा तालुक्यातलं, एवढं पुरे. तिथला दीपस्तंभ, तळी, सभामंडपातली झुंबरं ह्यांचे फोटो पुष्कळांच्या घरी असतील. अग्रशाळेचा मात्र कुणी काढला नसावा, मीही काढला नाही. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते: अग्रशाळा म्हणजे देवळाच्या आवारातली उतरायची जागा. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे लांबलचक ओसरी आणि ओसरीवर ओळीने दारं. मुंबई, कारवार, बेळगाव, मंगळूर अशी कुठे कुठे पांगलेली कुळावी मंडळी कुलदेवाला आली की तिथे उतरत. मागे कुळागर. सुपारीच्या झाडांची सावली दुपारी भिंतीवर उभ्या रेघांसारखी पडे, आणि पाटाच्या पाण्याचा एक थंड, कुजकट, गोड वास दिवसभर खोलीत असे. त्या वासाला मला आजही शब्द सापडलेला नाही. कुजकट म्हटलं की वाईट वाटतं, आणि वाईट तो मुळीच नव्हता.

१९७४ च्या मे महिन्यात आम्ही तिथे गेलो. वडील जानेवारीत गेले होते. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांची भाडेपावती मोठ्या काकांच्या नावावर होती, आणि ही गोष्ट आम्हाला तेराव्यानंतर समजली. काका वाईट होते असं मी म्हणणार नाही. (म्हणायचं आहे, पण आता ते नाहीत.) त्यांनी आईला कधी घराबाहेर हो म्हटलं नाही. रोज संध्याकाळी कामावरून आले की चपला काढता काढता ते एवढंच विचारत, "काय ठरवलंस?" आम्ही तिघं तेव्हा मधल्या बोळात झोपत असू. रात्री मोरीकडे जाणारा प्रत्येक जण आमच्या पायांवरून ओलांडून जाई. आई भिंतीला टेकून बसलेलीच असायची. ती झोपते कधी असा प्रश्न मला पडत असे. मी नऊ वर्षांची होते, भाऊ चार.

एका सकाळी तिने ट्रंक भरली. रेल्वेचा संप चालू होता. भाऊच्या धक्क्यावर बोटीत पाय ठेवायला जागा नव्हती. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधीचे ते दिवस. पणजीला उतरलो, बसने फोंड्याकडे निघालो, आणि भर दुपारी देवळाच्या आवारात येऊन उभे राहिलो.

आता भटमामांविषयी. गोव्यात भटजींना भटमाम म्हणतात, भाच्यांनी मामाला हाक मारावी तसं. हे पूजेचे मुख्य भटजी नव्हते, धाकट्या पातीतले कुणी असावेत. अग्रशाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. कमरेला पंचा, खांद्यावर विरलेलं उपरणं, आणि जानव्यालाच अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा. चालले की किणकिणायचे. त्यांनी आईकडे पाहिलं. पांढरं कपाळ, दोन पोरं, एक ट्रंक, बरोबर पुरुषमाणूस नाही. आई काहीतरी सांगायला लागली तसा त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "जेवण जालें?"

एवढंच. मग तिसरी खोली उघडून दिली आणि पाठोपाठ भटमामींनी पेजेचं भांडं आणि कैरीचं लोणचं पाठवलं.

मला ते तेव्हा काहीच विशेष वाटलं नाही. दोन-तीन दिवसांनी कारवारकडचं एक मोठं कुटुंब आलं. भटमामांनी त्यांना ओसरीवरच थांबवलं आणि पहिलाच प्रश्न केला, "कितले दीस?" नंतर बेळगावचे कुणी आले, त्यांनाही तेच. खोल्या मोजक्या, येणारे पुष्कळ, त्यामुळे विचारावंच लागे. मी ओसरीच्या कठड्यावर बसून हे ऐकत असे. आम्ही एकोणीस दिवस राहिलो. आईला त्यांनी हा प्रश्न एकदाही विचारला नाही.

खोलीच्या दाराला आतून अडसर होता. फणसाच्या लाकडाचा, माझ्या तेव्हाच्या दंडाएवढा जाड, भिंतीतल्या खोबणीतून सरकून समोरच्या खोबणीत जाऊन बसणारा. हातांनी घासून घासून त्याचा मधला भाग काळा, तुळतुळीत झाला होता. त्या पहिल्या दुपारी आईने पेज खाल्ली नाही. तिने आम्हाला आत घेतलं, अडसर सरकवला, दार एकदा ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, आणि लाल कोब्याच्या जमिनीवर, अंथरूणसुद्धा न घालता, आडवी झाली. ती दुपार, ती रात्र, दुसऱ्या दिवशीचे ऊन चढेपर्यंतचे तास, आई झोपली होती. मधे संध्याकाळी चौघडा वाजला, आरती झाली, घंटा वाजल्या, ती कूस बदलूनसुद्धा उठली नाही. भाऊ घाबरून रडायला लागला तेव्हा मी तिच्या नाकाशी हात धरून पाहिला होता. सकाळी भटमामींनी दार वाजवलं, मी सगळा जोर लावून अडसर काढला. त्यांनी आत डोकावून पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं आणि आम्हा दोघांना आपल्या घरी घेऊन गेल्या.

देवाने संकटात काय दिलं असं मला कुणी विचारलं तर मी ही झोप सांगते. ऐकणाऱ्यांची निराशा होते. त्यांना साक्षात्कार हवा असतो.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर भटमाम मुलांना गोष्टी सांगत. त्यात देवाचीही असे. हा देव मूळचा इथला नाही. ह्या भागातले पुष्कळसे देव इथले नाहीत. १५४३ मध्ये बारदेस आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, पुढे देवळं पाडायचा सपाटा सुरू झाला, आणि लोकांनी रातोरात देव उचलले. मंगेश कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला आला, १५६० मध्ये. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणजे आमच्या देवांनी आसरा घेतला तो विजापूरच्या सुलतानाच्या मुलखात. हे वाक्य नातेवाइकांच्या पंगतीत उच्चारलं की क्षणभर सगळे भात कालवायचे थांबतात, असा माझा अनुभव आहे. पण आहे ते असं आहे. आज दिसतात ती मोठी देवळं पुष्कळ नंतरची, अठराव्या शतकातली. कवळ्याचं शाहू महाराजांचे मंत्री नारोराम ह्यांनी बांधवलं. सुरुवातीला देवांची सोय साधीच असणार. कुणाच्या तरी पडवीत, कुठल्या तरी झापांच्या मांडवात. तेव्हा त्यांना कुणी "कितले दीस?" विचारलं असतं तर देव काय सांगणार होते? १७६३ मध्ये पोर्तुगीज फोंड्यातही आले, तोवर त्यांचा जुना आवेश ओसरला होता आणि देवळं राहिली. देव काही परत गेले नाहीत.

   

आई ही गोष्ट ओसरीवर तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "ह्यालासुद्धा रातोरात निघावं लागलं होतं. मग ह्याला कळणार नाही तर कुणाला?" मुंबईहून निघाल्यापासून तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं लांब वाक्य.

सतरा-अठराव्या दिवशी आईने प्रसाद लावला. देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या चिकटवतात, भटजी आपलं गाऱ्हाणं देवापुढे मांडतात आणि मग वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आईने आपला प्रश्न भटजींच्या कानात सांगितला. त्यांनी तो उंच, झरझर सुरात, कोकणीत देवाला ऐकवला. मला त्यातलं आईचं नाव आणि "तुजें लेकरूं" एवढंच कळलं. मग कुणी काही बोललं नाही. गाभाऱ्यातल्या समईची वात चरचरत होती. एक मुंगळा उंबरठ्याच्या चांदीच्या पत्र्यावरून चालत निघाला, अर्ध्यावर थांबला, परत फिरला. भाऊ कुरकुरायला लागला, त्याला कुणीतरी केळं दिलं, ते खाऊन झालं. पाकळ्या जागच्या जागी. आईच्या मानेवरून घामाचा एक थेंब पाठीकडे उतरला तो मी शेवटपर्यंत पाहिला. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, देव विचार करतोय. मग उजवी पाकळी पडली. आवाज होणं शक्यच नाही, पण मला तो ऐकू आल्याचं आठवतं.

प्रश्न काय होता ते मला आजवर कळलेलं नाही. परत जाऊ का, असा होता, की परत जाऊ नको ना, असा? मी आयुष्यात तीनदा विचारलं. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी ती हसली. माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री म्हणाली, देवाला सांगितलेलं माणसांना सांगायचं नसतं. तिसऱ्यांदा गेल्या वर्षी, इस्पितळात. तिने डोळे न उघडताच विचारलं, "जेवलीस का?"

आम्ही मुंबईला परतलो. गिरगावात ती फक्त भांडी आणि शिवणयंत्र आणायला गेली. डोंबिवलीला एक खोली, लोकांचे ब्लाउज, नंतर एका शाळेत शिपायाची नोकरी, असं पुढे सगळं होत गेलं. ते तिने पाकळीच्या बळावर केलं की त्या झोपेच्या, ह्याचा निवाडा मी करत नाही. अडसर दोन्हीच्या आधी होता, एवढं मला दिसतं.

तर, ह्या डिसेंबरात मी तिच्या नावाने अभिषेक करायला गेले. गाड्यांच्या पट्ट्यांपलीकडे नवं भक्तनिवास आहे. तीन मजले, लिफ्ट, एसी आणि बिगरएसी. चांगलं आहे, संडासासाठी रात्री कंदील घेऊन कुळागराच्या कडेने जावं लागत नाही, आणि ज्यांना तसं जावं लागलेलं आहे त्यांनी उगाच जुन्या दिवसांचे गोडवे गाऊ नयेत. काउंटरवरच्या तरुणाने आधारकार्ड घेतलं, संगणकात पाहिलं आणि विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, एकटीच. त्याने कार्ड परत केलं आणि मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही.

मी कुळावी असल्याचं सांगितलं. वय सांगितलं. तो उद्धट नव्हता. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "मावशी, एकटी माणसं येतात, दार लावून घेतात, जिवाचं काही बरंवाईट करतात. मग पोलीस, पंचनामा. म्हणून नियम केला." तो खरंच सांगत होता, आणि त्याला दोष द्यायला मला जागा सापडेना. ती रात्र मी फोंड्यात एका लॉजवर काढली. तिथेही आधारकार्ड घेतलं, पण खोली दिली.

तेव्हापासून मला तो नियम सुचलेली बैठक डोळ्यांपुढे दिसते. अडचणीतली माणसं देवाकडे येतात, आणि अडचणीतल्या माणसांचा त्रास होतो, म्हणून अडचणीतल्या माणसांना खोली नाही. सोळाव्या शतकात फोंड्याच्या गावकऱ्यांनी अशी बैठक घेतली असती तर आज कसली महाजनकी आणि कुठलं भक्तनिवास?

देवस्थानांच्या कारभाऱ्यांना, आमच्याच नव्हे, सगळ्याच, माझी विनंती आहे. बाकीच्या खोल्यांचे नियम तुमचे तुम्ही ठेवा. एक खोली वेगळी काढा. एसी नको, लिफ्ट नको, विहिरीजवळची असली तर उत्तम. पोलिसांची भीती वाटत असेल तर शेजारच्या खोलीत हाकेच्या अंतरावर एखादी भटमामी राहू द्या, सकाळी दार वाजवायला. आलेल्या माणसाला जेवलात का एवढंच विचारा. आणि त्या खोलीच्या दाराला अडसर आतून लावा.