आवाजाला नाव देताना

घरातील वडीलधाऱ्यांच्या ओव्या, आठवणी वा पाककृती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करीत असाल, तर एक विनंती आहे: त्याच दिवशी त्या फाइलला नाव द्या. 'रेकॉर्डिंग ४७' यावरून सहा महिन्यांनी तुम्हांला काहीही उमगणार नाही. आणि ज्यांना विचारायचे, त्यांची स्मृती तोवर साथ देईलच असे नाही.

माझ्या सासूबाई नव्वदीला टेकल्या आहेत. सकाळी काय खाल्ले हे त्यांना दुपारी आठवत नाही. जात्यावरची ओवी मात्र न अडखळता ओठांवर येते. त्यांच्या ओव्यांचे छोटेसे पुस्तक करावे, असे मी योजले आहे. एका ओवीतील 'मैना' ही त्यांची लेक असावी, असे घरात सारेच धरून चालले होते. ती बालपणीच गेलेली धाकटी बहीण, हे त्यांनीच एकदा सहज सांगितले. हे सांगू शकणारे दुसरे माणूस आता हयात नाही. म्हणून त्या फाइलचे नाव '२०२५-०८-१४ ओवी मैना धाकटी बहीण' असे आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला की संगणकात कालक्रम आपोआप लागतो.

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने आली. ती इतरांनी वेळेवर कागदावर उतरवली होती म्हणूनच. आपल्या घरात तेवढी प्रतिभा नसेलही, पण उतरवून घेण्याची निकड तीच.

फोल्डर फार करू नका. ध्वनी, उतारे, छायाचित्रे, मसुदा, एवढे पुरतात. मूळ ध्वनिफीत कधीही कापू नये. काटछाट करायची ती प्रतीवर. जुनी छायाचित्रे नातेवाइकांकडून व्हॉट्सअॅपवर मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवण्यास सांगा, अन्यथा त्यांचा दर्जा घटतो आणि छपाईत चेहरे पुसट येतात. प्रती तीन असाव्यात: मोबाइलवर, हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी. माझी तिसरी प्रत नणंदेकडे आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे अधिक. विस्मरणाच्या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढण्याचा संभव असतो, म्हणून हे काम सकाळी करावे, तेही पंधरा-वीस मिनिटेच. 'ओळखा पाहू, हे कोण?' असे विचारू नये. ती परीक्षा होते, आणि उत्तर न आल्यास त्यांचा चेहरा उतरतो. ध्वनिफीत लावावी आणि शेजारी बसावे. माहिती येते ती अशी, आडवाटेने. परवा स्वतःचाच आवाज ऐकून सासूबाई म्हणाल्या, "कोण गं ही म्हातारी? गळा बरा आहे हो तिचा."

तेही मी टिपून ठेवले आहे. एकतीस फाइली अजून निनावी आहेत. उद्या चहानंतर त्यांतील दोन ऐकायच्या आहेत.