मी पाहिलेली दाभोळची मशीद

दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे दाभोळला गेले होते. दाभोळ आपल्या दापोली तालुक्यातच आहे. ते वाशिष्ठी नदीच्या खाडीवर वसले आहे. समोर धोपावे दिसते. तिकडे फेरीबोट जाते, तिच्यात गाड्यासुद्धा चढतात!

आता दाभोळ लहान गाव आहे. पण पूर्वी ते फार मोठे बंदर होते. अरबस्तानातून येथे गलबतातून घोडे येत. रशियाचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी सुमारे ५५० वर्षांपूर्वी येथूनच गलबतात बसून परत निघाला. पुढे १५०८ साली डिसेंबर महिन्यात पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. त्यानंतर पुन्हा वस्ती झाली. हे सर्व मला आतोबांनी सांगितले.

खाडीच्या काठालाच जुनी मशीद आहे. तिला कोणी शाही मशीद म्हणतात, तर कोणी अंडा मशीद. ती आदिलशाहीच्या काळातली आहे. आत्याच्या शेजारच्या दादी आम्हांला घेऊन गेल्या. मशीद सगळी दगडी आहे. मोठा घुमट आणि चार मिनार आहेत. मान वर करून बघताना माझी मानच दुखली. चपला काढून आम्ही पायऱ्यांवर बसलो. दगड थंडगार होता.

दादींनी गोष्ट सांगितली. विजापूरची आयेशाबीबी मक्केला जायला निघाली. तिच्याबरोबर पुष्कळ धन आणि २०,००० घोडेस्वार होते. ती दाभोळपर्यंत आली. पण समुद्रात चाचे होते, म्हणून पुढे जाता येईना. मग तिने मौलवींना विचारले आणि यात्रेच्या पैशातून ही मशीद बांधली.

मला तर नवलच वाटलं. मी विचारलं, “दादी, एवढे सैनिक असून ती घाबरली?” दादी म्हणाल्या, “समुद्रात घोडा काय कामाचा गं बाय?”

आमचे बाबा हर्णैच्या बोटीवर खलाशी आहेत. त्या दिवशी त्यांना समुद्रात जाऊन चार दिवस झाले होते. त्यांच्याबरोबर तर एकही शिपाई नसतो. मला एकदम रडू आलं, पण मी दाखवलं नाही. दादींना कळलं असावं. त्यांनी मला खिशातला खजूर दिला आणि म्हणाल्या, “येतील हां.”

मग मी खाडीत येणाऱ्या होड्या मोजत बसले. अकरा झाल्या. आत्याने हाक मारली तेव्हा बारावी दिसत होती.

बाबा सहाव्या दिवशी आले. मी त्यांना राणीची गोष्ट सांगितली. बाबा म्हणाले, “कधी वारा सुटला की आम्ही दाभोळच्या खाडीत शिरतो. तो घुमट दिसला की बरं वाटतं.”

मी मशिदीचं चित्र काढून खाली चिकटवलं आहे. त्यातली होडी आमच्या बाबांची आहे.