ओट्यावरची शाळा

वसईच्या बागायती पट्ट्यात, चर्चच्या आवारातील मराठी शाळेत ज्यांचे बालपण गेले, त्या आमच्या पिढीचे केस आता पांढरे झाले आहेत. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांतून, पावसाळ्यात गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन आम्ही शाळेत जात असू. पाटी ओली होऊ नये, एवढीच काय ती चिंता. त्या शाळेने आम्हांला काय दिले, याचा विचार करू लागलो की अंकगणित आणि भूगोल मागे पडतात आणि एकच गोष्ट पुढे येते : तिने आम्हांला प्रार्थनेची भाषा दिली.

आमचे बालविश्व तीन भाषांत विभागलेले होते. घरी सामवेदी बोली, वर्गात पुस्तकी मराठी आणि वेदीपाशी लॅटिन. घरात आईशी बोलावे ते बोलीत, गुरुजींना उत्तर द्यावे ते मराठीत आणि मिस्सेत वेदीसेवक म्हणून घोकलेली उत्तरे द्यावीत ती लॅटिनमध्ये! त्या लॅटिनचा अर्थ आम्हांला ठाऊक नव्हता. परंतु एकही अक्षर चुकत नसे. वर्गात मात्र बोलीतला शब्द तोंडून गेला की बाकावर उभे राहावे लागे. आईची भाषा अशुद्ध कशी असेल, हा प्रश्न त्या वयात विचारण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. तो सल आजही मनातून पुरता गेलेला नाही.

तरीही त्या शाळेत मोठी माया होती. धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही एका वर्गात बसत असू आणि आमचे हिंदू व मुसलमान सोबती नीतिशिक्षणासाठी दुसऱ्या वर्गात जात. मधल्या सुट्टीत पुन्हा सारे एका झाडाखाली, आणि कोणाच्या डब्यात काय आहे, हाच सर्वांचा समान जिव्हाळ्याचा विषय. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की आम्ही उभे राहून देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणत असू. तेव्हा ते सोबतीही हात जोडून शांत उभे राहत. त्यांना तसे कोणी सांगितल्याचे आम्हांला आठवत नाही.

आम्ही प्राथमिक शाळेत असतानाच दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी झाली. पुढील काही वर्षांत वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. रोममध्ये झालेला तो निर्णय आमच्या घरी पोहोचला, तो थेट ओट्यावर.

घरोघरी आज्या होत्या, आणि त्यांच्यापैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. मिस्सेतील नवी मराठी उत्तरे त्यांना शिकवणार कोण? तिसरी-चौथीतली आम्ही मुले! सांजवेळी जपमाळ आटोपली की कंदील जवळ ओढून आम्ही पुस्तिका उघडत असू आणि आजी आमच्यामागून एकेक ओळ म्हणे. आम्ही घाईने वाचू लागलो की ती आपल्या बोलीत म्हणे, “बाळा, सावकाश वाच. देव काही पळून जात नाही.” काही आठवड्यांनी, रविवारी चर्चमध्ये तिने ती उत्तरे खणखणीत आवाजात दिली. आयुष्यभर जिथे ती माळ ओढीत मूकपणे बसली होती, तिथे उतारवयात तिला स्वतःचा आवाज सापडला. शाळेने आम्हांला शिकवलेली बाराखडी अशी वेदीपर्यंत पोहोचली.

मराठीत ख्रिस्तकथा गाण्याची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. आणि आमच्याच वसईतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्यातील कित्येकांचे डोळे पाणावले. २०२४ साली ते देवाघरी गेले. पण मराठी ही आपलीही भाषा आहे, हा विश्वास ते मागे ठेवून गेले.

आज आमची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. आईबापांना आम्ही दोष देत नाही. पोटापाण्याची वाट त्या भाषेतून जाते, हे आम्ही जाणतो. परंतु सायंप्रार्थनेच्या वेळी पुस्तिका हाती देताच नातू जोडाक्षरावर अडखळतो, लाजतो आणि ती हळूच आमच्याकडे सरकवतो. त्या क्षणी घरातली प्रार्थना दुभंगते : आम्ही एका भाषेत, तो दुसऱ्या.

ओट्यावरची शाळा पुन्हा भरवायला फार काही लागत नाही. रविवारचे शुभवर्तमान शनिवारी संध्याकाळी घरात एकदा मराठीतून वाचावे, आणि ते नातवंडाने वाचावे. अडला शब्द आपण सांगावा, त्याचा बोलीतला अर्थही सांगावा. आणि बोलीतला शब्द तोंडून गेला म्हणून त्याला कुठेही उभे करू नये. तो अडखळेल, वेळ लागेल. लागू द्यावा. आमच्या आजीलाही लागला होता.