गोल न करणाऱ्या आघाडीपटूची जागा

फुटबॉलच्या सामन्याची अधिकृत नोंद अत्यंत त्रोटक असते. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, कार्ड कोणाला मिळाले, कोणाच्या जागी कोण उतरले, एवढे लिहिले की नव्वद मिनिटांचा इतिहास संपतो. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हांस अशा नोंदींविषयी नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. नोंदीत नाही ते घडलेच नाही असे मानू नये, हा इतिहासलेखनाचा पहिला धडा आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. तो धडा क्रीडांगणावर पाळणे किती कठीण आहे, याविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने चार शब्द लिहावेत, असा मानस आहे.

प्रश्न साधा आहे. एखादा खेळाडू आघाडीवर खेळतो. त्याचे काम गोल करण्याचे, असे सारे मानतात. तो जिवापाड मेहनत करतो, पण त्याच्याकडून गोल होत नाही. अशा खेळाडूला संघात जागा असावी काय? आपल्या शाळेच्या मैदानावर हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. तीस-पस्तीस मुले सरावाला येतात आणि जागा अकराच असतात. भेटीच्या रविवारी दूरवरून आलेले पालक आधी मुलाची प्रकृती विचारतात, मग अभ्यास, आणि मग हळूच विचारतात, "सर, पोरगं संघात आहे ना?" त्यांना उत्तर द्यायचे, तर निवडीचा निकष आपल्या मनात स्वच्छ असावा लागतो.

हा निकष तपासण्यास जगाच्या क्रीडा-इतिहासात एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. २०१८ साली रशियात झालेला विश्वचषक फ्रान्सने जिंकला. १५ जुलैला मॉस्कोच्या लुझनिकी मैदानावर त्यांनी क्रोएशियाला ४-२ असे हरविले. रविवार होता आणि सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाल्याने वसतिगृहाच्या सभागृहात बहुतेक सर्व मुलांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्यांच्या नऊ नंबरवाल्याने एकपण गोल नाही केला. तरी तो जगज्जेता कसा?"

तो नऊ क्रमांकाचा खेळाडू म्हणजे ऑलिव्हिए जिरू. सुमारे सहा फूट चार इंच उंचीचा हा आघाडीपटू स्पर्धेतील सातही सामन्यांत मैदानावर उतरला. त्याने एकही गोल केला नाही. इतकेच नव्हे, तर थेट गोलजाळ्याच्या रोखाने गेलेला एकही फटका त्याच्या नावावर नोंदला गेला नाही. ज्याने शिकार करावी त्याचा बाण एकदाही लक्ष्यापर्यंत जाऊ नये आणि तरीही प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी त्याला अंतिम सामन्यापर्यंत खेळवीत राहावे, हे वरवर पाहता अन्यायाचेच वाटेल.

परंतु त्या स्पर्धेचा पहिला सामना आठवावा. १६ जूनला कझान येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध देशाँ यांनी जिरूला बाहेर बसवून ग्रीझमन, एम्बापे आणि देंबेले हे तीन वेगवान खेळाडू आघाडीवर उतरविले होते. तिघेही गुणी, तिघेही चपळ. पण पुढे चेंडू धरून ठेवणारा कोणी नसल्याने हल्ला विस्कळीत राहिला. दोन्ही बाजूंनी पेनल्टीवर एकेक गोल झाला आणि सामना १-१ असा अडला. सत्तराव्या मिनिटाला देशाँ यांनी दोन बदल केले, त्यांपैकी एक जिरूचा. ८१ व्या मिनिटाला पोग्बाने जिरूशी चेंडूची देवाणघेवाण करून मुसंडी मारली आणि विजयी गोल झाला. चेंडू ऑस्ट्रेलियाच्या बचावपटूला लागून गेल्याने पुढे त्याची नोंद स्वयंगोल अशी झाली. पोग्बाचेच नाव जेथे उरले नाही, तेथे जिरूचे कोठून उरणार? पुढील सामन्यापासून मात्र तो पहिल्या अकरांत आला आणि स्पर्धा संपेपर्यंत तेथेच राहिला.

त्याचे काम काय होते? गोलकडे पाठ करून उभे राहायचे. मागून उंच आलेला चेंडू छातीवर वा डोक्यावर घ्यायचा. पाठीमागून बचावपटू ढकलत असताना तो पायाशी जखडून ठेवायचा आणि सहकारी जवळ येताच एका स्पर्शात त्याच्या हवाली करायचा. दोन मधल्या बचावपटूंना तो स्वतःभोवती गुंतवून ठेवी, त्यामुळे ग्रीझमनला श्वास घेण्यापुरती जागा मिळे आणि एम्बापेला धावण्यास मोकळे रान. चेंडू गेला की प्रतिस्पर्ध्यावर पहिला धावून जाणारा तोच, आणि आपल्या गोलपुढे कॉर्नर आला की डोक्याने चेंडू बाहेर काढणाऱ्यांतही तोच.

पेरूविरुद्ध जिरूचा फटका बचावपटूला लागून गोलरक्षकाच्या डोक्यावरून गेला आणि गोलरेषेजवळ एम्बापेने तो आत ढकलला. नोंद एम्बापेची. अर्जेंटिनाविरुद्ध ४-३ अशा रोमहर्षक विजयातील एम्बापेचा दुसरा गोलही जिरूच्या पासवर झाला. त्या स्पर्धेत एम्बापे आणि ग्रीझमन यांनी प्रत्येकी चार गोल केले. त्या आठ गोलांचे श्रेय जिरूस द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. ते ज्या जागेतून झाले, त्या जागेची मशागत कोणी केली, एवढेच विचारतो.

कार्ले येथील चैत्यगृहात प्रवेशद्वाराचे काम करणाऱ्या धेनुकाकटच्या सुताराचे नाव शिलालेखात कोरलेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकास असा लेख सापडला की आनंद होतो, कारण तो दुर्मीळ असतो. बहुधा द्वार उरते, सुतार उरत नाही. फुटबॉलच्या नोंदवहीचेही तसेच आहे.

येथवर वाचून काही वाचक म्हणतील, मग झाले; मेहनती माणसाला जागा द्या, गोलांचा हिशेब सोडा. आमचे म्हणणे तसे नाही, आणि हे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. याच फ्रान्सचे आधीचे उदाहरण पाहावे. १९९८ साली त्यांनी मायदेशात विश्वचषक जिंकला, तेव्हाही त्यांच्या मुख्य आघाडीपटूने, स्तेफान गिव्हार्शने, एकही गोल केला नव्हता. फ्रान्सच्या साखळीत लागोपाठ दोन वर्षे सर्वाधिक गोल करून तो संघात आला होता. परंतु ती स्पर्धा फ्रान्सने प्रामुख्याने आपल्या बचावाच्या बळावर जिंकली. सात सामन्यांत त्यांच्यावर दोनच गोल झाले. उपांत्य सामन्यातील दोन्ही गोल थुराम या बचावपटूने केले. ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यात झिदानने दोन गोल डोक्याने केले, आणि गिव्हार्शने मात्र समोर आलेल्या संधी दवडल्या. तासाभरानंतर प्रशिक्षक एमे जाके यांनी त्याला बाहेर घेतले. गोलांच्या रकान्यात दोघांचेही शून्य. पण एका शून्यामुळे इतरांचे गोल सुकर झाले आणि दुसऱ्या शून्याचा भार बचावाने वाहिला. दोन्ही संघ जिंकले म्हणून दोन्ही शून्ये सारखी ठरत नाहीत.

तिसरे उदाहरण तर जिरूचेच आहे. २०२२ च्या कतारमधील विश्वचषकात त्याने चार गोल केले. पोलंडविरुद्धच्या गोलाने तो थिएरी हेन्रीचा ५१ गोलांचा विक्रम मागे टाकून फ्रान्सचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. तेव्हा त्याचे वय ३६ होते. आणि तरीही १८ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना २-० ने पुढे असताना देशाँ यांनी मध्यंतराचीही वाट न पाहता ४१ व्या मिनिटाला त्याला बाहेर काढले. ज्या प्रशिक्षकाने गोल नसताना त्याला सात सामने खेळविले, त्यानेच चार गोल खात्यावर असताना त्याला बसविले. यात विसंगती नाही. दोन्ही वेळी प्रश्न एकच विचारला गेला: या घडीला याच्या असण्याने संघाला काय मिळते आहे? २०१८ साली उत्तर होते, पुष्कळ. त्या रात्री उत्तर होते, काहीच नाही. फ्रान्सने नंतर बरोबरी साधली आणि सामना ३-३ असा सुटल्यावर पेनल्टीवर तो गमावला.

हा विवेक आपल्या मैदानावर कसा उतरवायचा? काही वर्षांपूर्वी सतरा वर्षांखालील संघाची निवड करताना दोन मुलांवरून वाद झाला. दोघेही आघाडीवर खेळत, दोघेही घामाने निथळत, आणि त्या हंगामात दोघांच्याही नावावर गोल नव्हता. क्रीडाशिक्षकांनी एक साधा उपाय योजला. बाहेर बसलेल्या मुलांच्या हाती वही दिली आणि तीन रकाने आखून दिले. चेंडू मिळाल्यावर तो आपल्याच संघाकडे राहिला की गेला? आपल्या गोलाआधीचे दोन पास कोणाचे? तो बाहेर असताना खेळ सुधारला की बिघडला? तीन सराव सामन्यांच्या नोंदी झाल्यावर आम्ही सर्वांनी मिळून ती वही वाचली. पहिल्या मुलाचे नाव गोलांच्या रकान्यात नव्हते, पण गोलाआधीच्या पासांत ते पुन्हा पुन्हा येत होते. दुसरा मुलगा सर्वांत अधिक धावला होता. परंतु तो चेंडूच्या मागे धावत होता, आणि चेंडू त्याच्याकडे आला की बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याकडे जात होता. पहिल्याची जागा राहिली. दुसऱ्याची गेली.

त्या दुसऱ्या मुलाचे वडील पुढच्या रविवारी आले. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर राबलेला माणूस. ते म्हणाले, "सर, पोरगं सगळ्यांत आधी मैदानावर असतं, सगळ्यांत जास्त पळतं. मग ते बाहेर का? आमच्यासारखंच राबायचं आणि हाती काही लागायचं नाही, असंच का?"

हा प्रश्न फुटबॉलचा उरला नव्हता. ज्यांच्या श्रमाची पिढ्यान् पिढ्या कोणी नोंद केली नाही, त्यांना 'नुसते राबणे पुरेसे नाही' असे सांगणे म्हणजे जुनाच अन्याय नव्या शब्दांत सांगणे ठरू शकते. आम्ही त्यांच्यापुढे ती वही ठेवली. एकेक रकाना समजावून सांगितला. म्हणालो, "भाऊ, तुमची मजुरी बुडवणाऱ्याने तुमच्या कामाचा हिशेब कधी दाखवला नाही. इथे हिशेब उघडा आहे. पोराच्या मेहनतीला आम्ही कमी लेखत नाही. पण संघातली जागा ही झालेल्या मेहनतीची मजुरी नव्हे. ती उद्याच्या सामन्याची जबाबदारी आहे. बाहेर बसलेली पोरंही राबतातच." त्यांनी वही बराच वेळ पाहिली आणि विचारले, "मग त्याला काय शिकायला पाहिजे, ते सांगा." क्रीडाशिक्षक त्यांना मैदानावर घेऊन गेले आणि बापासमोरच मुलाला शिकवू लागले: धावण्याआधी मान वर कर, सहकारी कोठे आहे ते पाहा, मग पाय उचल.

आमच्या मते उत्तर येथेच आहे. गोल न करणारा आघाडीपटू जागेस पात्र असू शकतो. परंतु केवळ घामाच्या बळावर नव्हे. त्याच्या श्रमातून दुसऱ्या कोणाचे काम सोपे झाले पाहिजे, आणि ते डोळसपणे पाहणाऱ्यास दाखविता आले पाहिजे. ही दुसरी अट आम्ही मुद्दाम घालतो. 'न दिसणारे काम' हे शब्द फार सोयीचे आहेत. त्यांच्या आडून आवडत्या मुलाला जागा देता येते आणि नावडत्याला 'गोल कुठे आहेत?' असेही विचारता येते. निकष एकच असावा, तो सर्वांना आधी ठाऊक असावा आणि वही सर्वांना पाहता यावी. एवढे झाले तर ज्याला बाहेर बसावे लागते, त्याचाही सन्मान राहतो.

खेळाडूकडूनही एक अपेक्षा आहे. 'आपले काम वेगळे' या समाधानात त्याने गोलाचा प्रयत्न सोडू नये. जिरूने तो सोडला नाही. २०१६ साली नांत येथे कॅमेरूनविरुद्ध गोल करूनही मायदेशीच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली होती. दोन वर्षांनी गोलाविना जगज्जेता झाल्यावर त्याची थट्टाही झाली. तो खेळत राहिला, आणि गोलांचा विक्रम अखेर त्याच्याच नावावर लागला.

माजी विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी अनेक जण आज कार्यालयांत, रुग्णालयांत, शाळांत अशी कामे करीत आहात, ज्यांचे श्रेय शेवटचा स्पर्श करणाऱ्याला जाते. आपल्या कामाचा हिशेब ठेवा आणि तो मांडण्यास संकोचू नका. ज्यांच्या हाती आता निवडीचे अधिकार आले आहेत, त्यांनी हाताखालच्यांसाठी तशीच उघडी वही ठेवावी. आणि पालकहो, पुढच्या भेटीच्या रविवारी सायंकाळी सामना असेल, तर थोडे थांबा. चेंडू जेथे आहे तेथे सारेच पाहतात. आपले मूल चेंडू पायाशी नसताना काय करते, ते पाहा, आणि रात्री जेवताना त्याच्याशी त्याविषयी बोला.