डावा कोपरा

कोल्हापूरच्या माणसाला चढाई आवडते. खासबागेच्या मैदानात एखादा मल्ल नुसता बचाव करीत राहिला, की चारी बाजूंनी हुर्यो उठते. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला लोटणारी गर्दीही गोल करणाऱ्यालाच खांद्यावर घेते; गोल होऊ न देणाऱ्याला कुणी खांद्यावर घेतल्याचे मी तरी पाहिलेले नाही. कबड्डीत हा भेद अधिकच उघड आहे. चढाईला गेलेल्या एकट्यावर सगळ्यांच्या नजरा खिळलेल्या असतात आणि कोपऱ्यात वाकून उभा असलेला गडी पकड होईपर्यंत कुणाच्या खिजगणतीतही नसतो.

मी संघात डावा कोपरा खेळतो, तेव्हा हे सारे मी तक्रारीच्या सुरात लिहीत आहे, असा वाचकांचा समज होईल. तसे नाही. पण या जागेवरच्या माणसाचा हिशेब जगाच्या हिशेबाहून निराळा असतो, एवढे मला सांगायचे आहे.

चढाई करणारा रिकाम्या हाताने परतला, तरी सहसा त्याचे काही जात नाही. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसरीत मात्र त्याला गुण आणावा लागतो, इतकेच. कोपऱ्याची एक उडी चुकली, तर गुण जातो, तो स्वतः बाद होतो आणि आपल्या संघाने गुण मिळवीपर्यंत त्याला बाहेर बसावे लागते. शिवाय त्याची पकड त्याच्या एकट्याची नसतेच. त्याने घोटा धरायचा आणि शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच क्षणी झेप घ्यायची. निमिषभर उशीर झाला, की मध्यरेषेपलीकडे धुळीत लोळणारा तो एकटाच!

अशी जागा वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्यांत महाराष्ट्राचा गिरीश इर्नाक मला फार जवळचा वाटतो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्यानंतर पाटणा, बंगाल, पुणे, गुजरात असे संघ बदलत तो डावा कोपरा लढवीत राहिला. २०१८ हे एकच वर्ष घ्या. जानेवारीत हैदराबादला सेनादलाला नमवून महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्या संघात इर्नाक होता. ऑगस्टमध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरविले. त्याही संघात तो होता. १९९० पासून कधी न हुकलेले सुवर्णपदक त्या दिवशी हुकले. वर्ष सरण्यापूर्वी पुण्याच्या संघाचे नेतृत्व त्याच्याकडे आले आणि तो पुन्हा आपल्या कोपऱ्यात जाऊन वाकला. आठ महिन्यांत एवढे वर आणि एवढे खाली गेलेल्या माणसाने दुसरे काय करायचे असते?

गंमत अशी, की त्या दिवशी इराणचा कर्णधार होता फझल अत्राचली, तोही डावा कोपराच! २०१५ साली तो यू मुंबाच्या विजेत्या संघात होता आणि दहा वर्षांनी, २०२५ साली, दबंग दिल्लीच्या विजेत्या संघात. लीगमध्ये पकडीचे सर्वाधिक गुण त्याच्याच नावावर आहेत. वयाबरोबर पायांचा वेग ओसरतो, तसा चढाईपटू मागे पडत जातो. कोपऱ्याला मात्र वय थोडे उपयोगी पडत असावे. कधी झेपायचे यापेक्षा कधी झेपायचे नाही, हे शिकायलाच त्याची पहिली काही वर्षे जातात.

माझे मामा गावच्या संघात बारा वर्षे डावा कोपरा खेळले. हाताची दोन बोटे घोटे धरून धरून वाकडी झाली आहेत. आज ते साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. त्यांच्याकडे कात्रण नाही, ढाल नाही. मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली : "त्याच्या तोंडाकडं बघू नगंस, मांडीकडं बघ. तोंड फसवतंय." त्या एका वाक्यावर माझ्या निम्म्या पकडी उभ्या आहेत.

यंदा माझे शेवटचे वर्ष. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के राखीव जागा आहेत. पण तिथवर पोहोचायचे, तर आधी निवड समितीच्या नजरेत भरावे लागते. म्हणून घरच्यांचे, हितचिंतकांचे एकच सांगणे : "चढाई शिकून घे." त्यांचे म्हणणे खोटे नाही. आमच्याच जिल्ह्यातला, चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई चढाईच्या बळावर पुढे आला आणि २०१९ च्या लिलावात त्याच्यावर एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली. गावागावांतली पोरे त्याच्यासारखी चढाई करू पाहतात, यात नवल ते काय?

मी महिनाभर विचार केला. मामांनाही विचारले. ते म्हणाले, "तुला काय वाटतंय ते कर बाबा. नोकरी मला काय मिळाली न्हाई." आणि थोडे थांबून म्हणाले, "पर कोपरा कधी मोकळा सोडला न्हाई."

जिल्हा निवडीच्या अर्जात 'खेळण्याची जागा' असा एक रकाना असतो. त्यात मी 'डावा कोपरा' असे लिहून अर्ज देऊन टाकला आहे. निवड होईल न होईल. मामा म्हणतात, सुट्टी मिळाली तर बघायला येईन.